शोकांतिकेत मरण कुठं ठेवायचं

तुझ्या पटकथेबद्दलचा तुझा प्रश्न थोडक्यात असा. हरिपूरच्या हळदीच्या अडत्याची मुलगी मुक्ता, घर माळकरी. मिरजेच्या सतारमेकर गल्लीतला मुसलमान कारागीर समीर. दोघांचं प्रेम, दोन्ही घरांचा विरोध, मग 2019 चा महापूर, आणि मुक्ताच्या वडिलांना होडीत चढवताना समीर वाहून जातो. मुक्ता पुढं लग्न करत नाही, त्यानं दिलेला तंबोरा छेडत कृष्णेच्या घाटावर बसते. हा पहिला खर्डा तू पाच-सहा जणांना वाचायला दिलास आणि सगळे म्हणाले, शेवट ओढून आणलाय. तू विचारतेस, मरणावाचून शोकांतिका होते का, प्रेम, श्रद्धा आणि त्याग हे तिन्ही एका सिनेमात खरे कसे वाटतील, आणि धर्माच्या विषयाला हात घालताना कुणाला न दुखावता खरं कसं बोलायचं.

मी सव्वीस वर्षं या कामात आहे. सुरुवात सांगलीतच, राज्य नाट्य स्पर्धेच्या नाटकांना प्रॉम्प्टिंग करण्यापासून. नंतर दुसऱ्यांच्या सिनेमांचे संवाद लिहिले, मग स्वतःच्या पटकथा. विंगेत पुस्तक धरून उभं राहण्याचा मोठा फायदा असा की नट आणि प्रेक्षक दोघंही एकाच वेळी दिसतात. लोक नेमकं कुठं रडतात हे मी तिथं शिकले, आणि ते लेखकाला वाटतं तिथं जवळजवळ कधीच नसतं.

आधी शेवटाबद्दल. समीर पुरात वाहून जातो ही दुर्घटना आहे, शोकांतिका नव्हे. पूर कुणालाही नेतो. समीर प्रेमात नसता, खोटारडा असता, चांगला कारागीर नसता, तरी त्या दिवशी त्या होडीपाशी तो गेलाच असता. म्हणजे पहिल्या शंभर मिनिटांत तू त्याच्याबद्दल जे जे उभं केलंस, त्यातलं काहीही त्याच्या मरणाला कारण नाही. प्रेक्षकाला हे शब्दांत सांगता येत नाही, पण त्याला कळतं. माझ्या दुसऱ्या पटकथेत मी असाच एक मुलगा महामार्गावरच्या अपघातात मारला होता. गावाकडच्या एका थेटरात मागच्या रांगेत बसून मी तो सिनेमा पाहिला. पडद्यावर आई हंबरडा फोडत होती आणि लोक वाकून खुर्चीखाली चपला शोधत होते. त्यांचा सिनेमा संपला होता. जे व्हायचं ते आभाळातून पडलं, आता त्यात पाहण्यासारखं काही उरलं नव्हतं.

आणि पुराबद्दल आणखी एक गोष्ट, ही मला मनापासून सांगायची आहे. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी 45 फुटांना धोक्याची पातळी मानतात, त्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेलं. ब्रह्मनाळ गावात बोट उलटली आणि घरंच्या घरं उजाड झाली. त्या घरांतली माणसं तुझा सिनेमा बघायला येतील. त्यांचं मरण तुझ्या कथेला शेवट सापडत नव्हता म्हणून वापरलंय असं त्यांना वाटलं, तर ते योग्यच वाटेल. पूर घ्यायचा असेल तर पुरानंतरचं घे. भिजलेली हळद, बुरशी आलेली पोती, डोक्यावरचं कर्ज, भिंतीवर राहिलेली पाण्याची रेघ. हरिपूरची हळदीची पेवं, म्हणजे जमिनीखालची कोठारं, 2005 च्या पुरातच किती खराब झाली, हे तुला तिथला कुणीही म्हातारा सांगेल. ते दुःख रोजच्या जगण्यातलं आहे आणि मुक्ताच्या वडिलांना आधीच वाकवून ठेवायला ते पुरेसं आहे.

मग शोकांतिका कशातून येते? मी इतकी वर्षं लिहून एकाच गोष्टीवर येऊन थांबले आहे. ज्या गुणावर ती भाळली, त्याच गुणापायी तो तिला मिळत नाही, अशी गाठ बसली पाहिजे. तो गुण काढून टाकला तर लग्न होईल, पण मग त्या लग्नात तिला हवा असलेला माणूस उरणार नाही. ही गाठ बसली की खलनायक लागत नाही, पूर लागत नाही, चाकू-सुरा लागत नाही.

आपल्याकडचंच उदाहरण घेऊ. राम गणेश गडकऱ्यांचं नाटक 'एकच प्याला'. 1919 च्या जानेवारीत गडकरी गेले आणि त्यानंतर गंधर्व मंडळींनी ते रंगभूमीवर आणलं. नायिकेचं, सिंधूचं काम केलं बालगंधर्वांनी, आपल्या पलूस तालुक्यातल्या नागठाण्याच्या माणसानं. मी या नाटकाच्या हौशी प्रयोगांना तीनदा प्रॉम्प्टर होते. सिंधू मरते तेव्हा लोक रडायचे, हो. पण सांगलीचं भावे नाट्यमंदिर श्वास रोखून धरायचं ते त्याच्या जरा आधी. नवऱ्यानं दारूच्या भरात घातलेल्या घावानं ती मरायला टेकलीय, फौजदार जबानी घ्यायला आलाय, आणि जन्मात खोटं न बोललेली ती बाई सांगते की मी पडले. तिची सगळी श्रद्धा त्या एका खोट्यात येऊन उभी राहते. मरण नंतर येतं, पण शोकांतिका त्या जबानीत घडून गेलेली असते.

हे नाटक मी अलीकडे कॉलेजच्या मुलींबरोबर वाचलं. त्या रडल्या नाहीत, संतापल्या. एकीनं पुस्तक मिटून बाजूला ठेवलं. मला त्यांचा संताप पूर्ण मान्य आहे. शंभर वर्षं आपण त्याग हा शब्द बाईच्या पदरात बांधला आणि तिलाच ओझ्यानं वाकायला लावलं. तुझ्या खर्ड्यातही तेच झालंय बघ. समीर मरून सुटतो आणि मुक्ता जन्मभर घाटावर तंबोरा छेडते. तिला काय हवं होतं? तिनं कशाला नाही म्हटलं? तिला राग आला का? सगळ्या पटकथेत मुक्ता एकदाही रागावत नाही, हे तुझ्या लक्षात आलंय का? न रागावणारी बाई प्रेक्षकाला पवित्र वाटेल, आपली वाटणार नाही.

आता त्यागाबद्दल. त्यागाला दोन गोष्टी लागतात. एक, दार उघडं असावं लागतं. सुटायचा मार्ग समोर आहे, तो कुणालाही दिसतोय, आणि तरीही माणूस त्यातून जात नाही. दुसरी, तो कुणी मागितलेला नसावा. बापानं पगडी पायाशी ठेवली, आईनं विहिरीकडं धाव घेतली, आणि मग मुलीनं प्रेम सोडलं, तर त्याला त्याग म्हणत नाहीत. ती वसुली झाली.

उघड्या दाराचं बोलायचं तर आजचा प्रेक्षक पहिल्या वीस मिनिटांतच विचारणार आहे, दोघं सज्ञान आहेत तर रजिस्टर लग्न का करत नाहीत? या प्रश्नाला उत्तर दिल्याशिवाय तुझा सिनेमा पुढं सरकूच शकत नाही, आणि खर्ड्यात तो प्रश्नच नाही. 1954 च्या विशेष विवाह कायद्यानं दोघांपैकी कुणालाही धर्म बदलावा लागत नाही. मुलगा 21 चा, मुलगी 18 ची, दोघांपैकी एकजण निदान 30 दिवस त्या जिल्ह्यात राहिलेला. नोटीस द्यायची, ती कचेरीत सगळ्यांना दिसेल अशी लावतात, 30 दिवस हरकतींची वाट पाहायची, मग तीन साक्षीदारांसमोर सह्या. म्हणजे कायद्यानं दार उघडं आहे. फक्त त्या दारावर 30 दिवस त्यांची नावं टांगलेली राहतात. तू मला सांग, सिनेमावाल्याला यापेक्षा चांगलं घड्याळ कुठं मिळणार? कचेरीच्या भिंतीवर एक कागद, त्यावर दोन नावं, दोन पत्ते. समोरून लोक जातात-येतात. कुणी वाचतं, कुणी वाचत नाही. मी तर तो कागद मध्यंतराच्या बराच आधी लावीन.

आता तुझीच माणसं घेऊन कथा जरा हलवून बघू. ही माझी कथा म्हणून घेऊ नकोस, गाठ कशी बसते ते दाखवायला सांगते.

मुक्ताच्या वडिलांना, आबांना, तू नुसते माळकरी केलंयस. त्यांना दिंडीचे विणेकरी कर. दिंडीत वीणा ज्याच्या गळ्यात, त्याचा मान काय असतो हे मी तुला सांगायला नको. सप्ताहात वीणा जमिनीला टेकवत नाहीत, रात्रंदिवस तिचा पहारा चालतो. आणि ती वीणा दर वर्षी आषाढीच्या आधी जवारी काढायला, म्हणजे तारा टेकतात ती घोडी घासून आवाज खुलवायला, मिरजेला जाते. समीरकडं.

एवढ्या एका बदलानं किती गोष्टी जाग्यावर बसतात बघ. मिरजेत ही कला आली कशी? हत्यारांना धार लावणारी शिकलगार घराणी एकोणिसाव्या शतकात सतारी घडवू लागली. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, ते या हातांना. त्या वाद्यांचा भोपळा येतो पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूनं. म्हणजे ज्या मातीकडं आबा दर वर्षी चालत जातात, तिथलाच भोपळा समीरच्या हाताखाली वीणा होतो. हे पात्रांच्या तोंडून वदवू नकोस. भोपळ्यांची गाडी गल्लीत येते आणि हमाल सांगोल्याला वाटेत पाऊस लागल्याचं सांगतो, एवढं पुरे.

समीरचा तो गुण कोणता, ज्यावर मुक्ता भाळली? खर्ड्यात तो देखणा आहे, शायरी म्हणतो. ते सगळं काढ. पहिल्या भेटीत मुक्ता आबांबरोबर दुकानात बसलीय. एक गिऱ्हाईक पुण्याहून आलंय, तंबोरा पसंत पडलाय, पैसे मोजायला काढलेत. समीर म्हणतो, हा नको, भोपळ्याला आत बारीक चीर आहे, दोन वर्षांत बोलेल. गिऱ्हाईकाला ती चीर दिसत नव्हती, ऐकूही येत नव्हती. सौदा मोडतो. समीरचे वडील डोळे वटारतात. मुक्ता बघत राहते. आणि मग समीर आबांच्या विण्याचे पैसे घेत नाही, 'विण्याचे घेत नसतो आम्ही.' श्रद्धा दाखवायची ती अशी. नमाज पढतानाचा आणि आरती ओवाळतानाचा शॉट आळीपाळीनं कापून श्रद्धा दिसत नाही, फक्त धर्म दिसतात. माणूस एकटा असताना, फायदा समोर असताना, हातानं काय करतो त्यात त्याचं इमान दिसतं.

मग नोटीस लागते. बाविसाव्या दिवशी दिंडीत बातमी फुटते. दिंडीप्रमुख समीरच्या दुकानात येतात. हा प्रसंग मी असा लिहीन:

'समीर, त्या कचेरीतल्या कागदावर नाव लागलंय, ते तुझंच काय रं?'

'माझंच हाय, अण्णा.'

'दुसरा कोण तरी समीर असंल, असं मी सगळ्यास्नी सांगून आलोय. आषाढी हुंदे. मग काय ते बघू.'

'अण्णा, पत्ताबी माझाच हाय.'

बस. अण्णा वाईट माणूस नाहीत. ते स्वतःहून खोट्याचा आडोसा घेऊन आलेत, आबांचा मान राहावा म्हणून. आदल्या रात्री मुक्तानंही समीरला तेच विनवलंय, पंधरा दिवस फक्त, आबांची वारी होऊ दे. दार उघडं आहे. एक वाक्य बोलायचं आहे, आणि ते कुणाचं नुकसानही करणार नाही. पण ज्या माणसाला तंबोऱ्यातली न दिसणारी चीर लपवता आली नाही, त्याला स्वतःचं नाव कसं लपवता येईल? वीणा आबांच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. मुक्ताला समीर आवडला तो याच गोष्टीसाठी, आणि याच गोष्टीनं तिच्या बापाचे हात रिकामे केले. इथं मुक्ताला रागावू दे. कडाडून रागावू दे. 'पंधरा दिवस तुला जमलं न्हाई?' असं तिनं विचारावं आणि त्याच्याकडं उत्तर नसावं.

आता आबा. हरिपूर हे नाटककार गोविंद बल्लाळ देवलांचं गाव. 1899 च्या 'शारदा' नाटकात त्यांनी पैशासाठी मुलीला म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधायला निघालेला बाप रंगवला. त्या काळात तो बाप, कांचनभट, तसाच दाखवणं भाग होतं. तुझे आबा मात्र कांचनभट नकोत. तू त्यांना काठी घेऊन मुलीच्या अंगावर जायला लावलंयस, आणि तिथंच प्रेक्षक सुटतो, कारण दुष्ट बापाला सोडून जाणं सोपं असतं. आबा रागावत नाहीत. ते मुक्ताला काही विचारतही नाहीत. टाळ घेऊन दिंडीच्या मागच्या रांगेत चालायला लागतात. त्यांनी नुसतं म्हटलं असतं, पोरी, एवढं मागं घे, तर तिनं घेतलं असतं. ते त्यांना माहीत आहे. म्हणून ते म्हणत नाहीत. या सिनेमातला सगळ्यात मोठा त्याग हा आहे आणि तो करणाऱ्याच्या तोंडी त्याबद्दल एक अक्षर नाही.

आणि मग मरण. तुझ्या प्रश्नाचं उत्तर इथं आहे. मरण घ्यायचं असेल तर घे, पण शेवटाला ठेवू नकोस. शेवटचं मरण लेखकाची सुटका करतं. मधलं मरण राहिलेल्या माणसांना त्याच्यासोबत जगायला लावतं. आबा वारीतून परत येत नाहीत. सांगोल्याच्या अलीकडं, एका विसाव्याच्या जागी, झोपेत जातात. प्रसंग छोटा ठेव. मृत्यूचा शॉट नको, खांद्यावरून उतरवलेली पताका आणि थांबलेला टाळ एवढं दाखवलं तरी चालेल.

यानंतरची तीस मिनिटं हा खरा सिनेमा. कारण आता कुणी आडवं येत नाही. चुलते म्हणतात, तुझं तू बघ. समीरची आई पदराला डोळे पुसत म्हणते, घेऊन ये तिला. नोटिशीची मुदत उलटून गेलीय, हरकत कुणाचीच नाही, तीन महिन्यांच्या आत कधीही सह्या करता येतील. दार इतकं उघडं आहे की वारा आत येतोय. आणि दोघांच्यानं उंबरा ओलांडवत नाही. एकमेकांकडं बघितलं की दोघांना आबांचे रिकामे हात दिसतात. तो खोटं बोलला असता तर तो समीर राहिला नसता, बोलला नाही म्हणून आबा तसे गेले. हे वाक्य कुणालाही म्हणायला लावू नकोस, मी तुला समजावं म्हणून लिहिलं.

जुन्या शास्त्रात यासाठी एक फार उपयोगी भेद आहे. नाट्यशास्त्र लिहिणाऱ्या भरतानं विप्रलंभ शृंगार आणि करुण वेगळे ठेवलेत. विरहात पुन्हा भेटण्याची आशा शिल्लक असते तोवर तो शृंगारच, आशा तुटली की करुण. बहुतेक दुःखी प्रेमकथा बिघडतात त्या इथंच. पहिल्या प्रसंगापासून करुणाचं व्हायोलिन सुरू होतं, सगळं बुडणार हे गाणी सांगून टाकतात. तू आबांच्या जाण्यापर्यंत आशा जिवंत ठेव. हसू दे त्यांना, भांडू दे, लग्नाचं बिऱ्हाड कुठं करायचं यावर वाद घालू दे, सांगलीत विश्रामबागेत की मिरजेत. प्रेक्षकाला वाटलं पाहिजे की यांचं जमणार. त्याशिवाय शेवटी त्याचं काहीच जात नाही.

माझा शेवट विचारशील तर असा. पुढच्या आषाढीच्या आधी दिंडीची वीणा पुन्हा जवारीला जायची आहे. आता अडत मुक्ता सांभाळते. अण्णा तिलाच सांगतात, मिरजेला जाणारच आहेस तर एवढी घेऊन जा. ती दुकानात बसते. समीर घोडीवर कानस फिरवतो, तारेखाली सुताचा दोरा सरकवतो, ऐकतो, पुन्हा सरकवतो. आवाज बंद, दबलेला. आणि मग एका क्षणी जवारी खुलते आणि ती खोली भरून जाते. मुक्ता विचारते, 'किती झाले?' समीर थोडा थांबतो आणि आकडा सांगतो. ती पैसे ठेवते. तो सुटे परत देतो. ती वीणा घेऊन निघते.

ज्या घराचे विण्याचे पैसे कधी घेतले नाहीत, त्याच घराच्या मुलीकडून घेतले. तिनं विचारलं म्हणून सांगितले, कारण विचारल्यावर खोटं सांगणं त्याला जमत नाही, आणि तिनं का विचारलं हे त्याला कळलंय. एकही रडण्याचा आवाज लागत नाही. मात्र यासाठी जवारी म्हणजे काय हे प्रेक्षकाच्या कानाला पहिल्या वीस मिनिटांत कळलेलं असलं पाहिजे. बंद तार आणि खुललेली तार दोन्ही त्याला नीट ऐकव, शांततेत, मागं काहीही संगीत न ठेवता. ध्वनिमुद्रकाला सोबत घेऊन एक पूर्ण दिवस गल्लीत बस. तो खर्च वाचवू नकोस, हवं तर एक गाणं कमी कर.

धर्माबद्दल. तू लिहिलंयस की दोन्ही बाजूंना सारखं दुखवायचं किंवा सारखं न दुखवायचं, असा तोल ठेवायचा विचार आहे. तोल नको. आपल्या जिल्ह्यात माणसं एकमेकांच्या देवाला जितकी ओळखतात तितकं मुंबईतून आलेल्या सिनेमावाल्यांना माहीतच नसतं. कडेगावच्या मोहरमला उंच ताबूतांना हिंदू खांदे लागतात. गोटखिंडीत मशिदीत गणपती बसतो. मिरजेच्या दर्ग्याच्या आवारात गायक अब्दुल करीम खाँसाहेबांची समाधी आहे, आणि उरुसात त्यांच्या आठवणीत गाणं होतं तेव्हा माळ घातलेले, टोपी घातलेले सगळे शेजारी शेजारी बसतात. वारीत संतकवी शेख महंमदांचं नाव आदरानं घेतात. तुझे आबाही उरुसाचं गाणं ऐकायला दर वर्षी जात असणार, आणि ते त्यांना फार स्वाभाविक वाटत असणार. मग अडतं कुठं? खांद्यावर ताबूत चालतो, घरात सून चालत नाही. देवापर्यंत सगळं चालतं आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी थांबतं. हे खरं बोल. हे बोललेलं कुणाला टोचलं तर टोचू दे, कारण ते दोन्ही घरांत सारखंच खरं आहे आणि ते द्वेषातून आलेलं नाही. फक्त दिंडीला किंवा गल्लीला खलनायक करू नकोस. वीणा काढून घेण्याच्या बैठकीत एक म्हातारा वारकरी असावा, जो म्हणेल की हे बरोबर नाही, आणि त्याचं कुणी ऐकू नये. तसंच समीरच्या घरातही एक काका असावा, ज्याला हे लग्न धर्म बदलल्याशिवाय मान्य नाही, आणि तो वेडावाकडा नसावा, प्रेमळ असावा.

भाषेवर एक दिवस वेगळा काढ. समीरच्या तोंडी तू लखनौ घातलंयस. मिरजेचा कारागीर घरात आईशी दखनी उर्दू बोलेल, गिऱ्हाईकाशी सांगलीची मराठी बोलेल, आणि रागावला की दोन्ही एकत्र येतील. 'मोहब्बत', 'इबादत' हे शब्द गल्लीत कुणी रोज वापरत नाही. मुक्ताचंही तसंच. ती पुण्याच्या मालिकेतल्यासारखी बोलते. अडतीवर हमालांशी हिशेब करणारी पोर आहे ती, तिच्या बोलण्यात पोती, वजन आणि उधारी येऊ दे.

जागांचं फार बोलत नाही. वाई-मेणवलीचा घाट सुंदर आहे, पण तो इतक्या सिनेमांत येऊन गेलाय की तिथं उभी राहिलेली मुलगी लगेच 'सिनेमातली' दिसते. हरिपूरचा संगमेश्वर, कृष्णा-वारणेचा संगम, पावसाळ्यातलं गढूळ पाणी, मार्केट यार्डातला हळदीचा उधळा, एवढं तुला पुरून उरेल. नोटिशीची कचेरी मात्र खरीखुरी ठेव. भिंतीवर पानाची पिंक, पंख्याचा आवाज, टाचणीनं लावलेले जुने कागद. सेट लावलास तर तो स्वच्छ दिसेल.

पुढचा खर्डा पाच महिन्यांनी लिहिलास तरी चालेल. त्याआधी हरिपुरात चार बायकांना बसवून ही कथा तोंडी सांग. कागद हातात नको. तू सांगताना त्या भाजी निवडत असतील. ज्या जागी हात थांबतात ती जागा लक्षात ठेव, आणि ज्या जागी एखादी 'मग?' म्हणत नाही, तो प्रसंग काढून टाक.

एक पान मात्र मला तसंच हवंय. तुझ्या एकविसाव्या पानावर मुक्ता अडतीवरून थेट दुकानात येते, हात हळदीनं पिवळे झालेले, आणि ती ते पाठीमागं लपवते. समीर दुसऱ्या दिवशी विण्याच्या दांडीवर पिवळी बोटं उमटलेली बघतो आणि पुसत नाही. हे तू कुठून आणलंस मला माहीत नाही, पण सगळ्या खर्ड्यात हे सर्वांत खरं आहे. त्याला लग्नाच्या हळदीशी जोडणारं ते पुढचं वाक्य तेवढं खोड. शेवटच्या प्रसंगात मुक्ता वीणा उचलेल तेव्हा तिचे हात धुतलेले असावेत.